तळे खणणाऱ्यांची कहाणी

(देवगाव फाटा येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला विषय दिला तो 'बदलते हवामान आणि आपला समाज' असा. ह्या विषयावर बोलण्याचा मान दिल्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. परंतु विषय स्वीकारताना मी त्यात एक शब्द वाढवून घेण्याची परवानगी चिटणिसांकडे मागितली, आणि तो शब्द म्हणजे 'कहाणी'. त्यांनी ती उदार मनाने दिली. आता तिचा उपयोग मी कसा करतो हे आपण पाहालच.

विषयपत्रिका वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. हवामानाची चिंता वेधशाळेने करावी, पाण्याची पाटबंधारे खात्याने करावी, आणि ज्ञातीच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय व वसतिगृहाच्या निधीचा हिशेब एवढे व्हावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ती रीत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जी ज्ञाती मातीवडार, गाडीवडार आणि जातेवडार ह्या आपल्या शाखांच्या नावांतच माती, गाड्यावरचा दगड आणि दळणाचे जाते घेऊन फिरत आली, जिने पिढ्यानपिढ्या विहिरी पाडल्या, तळ्यांचे बांध घातले आणि रस्त्यांची खडी फोडली, तिच्या मेळाव्यात पाण्याचा विषय परका ठरू नये.

आपण आज ज्या फाट्यावर जमलो आहोत तेथून वाटा सेलूकडे, जिंतूरकडे आणि मंठ्याकडे जातात. ह्या वाटांच्या दोन्ही अंगांची काळी जमीन गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही टोके पाहून चुकली आहे. २०१४ आणि २०१५ ही वर्षे लागोपाठ अवर्षणाची गेली, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली व नांदेड ह्या जिल्ह्यांवर असा पाऊस कोसळला की उभी पिके पाण्याखाली गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने मराठवाड्याच्या बहुतेक भागाला झोडपून काढले. हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते बाष्प थांबते अधिक काळ आणि उतरते एकदम. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपली काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि मग वरचे पाणी आत न शिरता ओढ्यानाल्यांतून निघून जाते. म्हणजे पाऊस मोप झाला तरी तो जिरेलच असे नाही. जिरवायचा तर खणावे लागते. ह्या बाबतीत आपल्या ज्ञातीला कोणी धडा द्यावा असे काही उरलेले नाही.

मग कहाणीचा येथे संबंध काय? पाऊस कसा पडतो हे विज्ञान सांगते. परंतु पडलेले पाणी कोणी अडवायचे, त्यासाठी कोणी खणायचे, ते कोणाच्या वाट्याला यायचे, आणि न आल्यास कोणी सोसायचे, ह्या गोष्टी माणसे ठरवतात; आणि ती जे ठरवतात ते बहुधा लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींना धरून असते. म्हणून पाण्याच्या आपल्या गोष्टी कोणत्या आणि त्यांत आपण कोठे आहोत, हे एकदा तपासून पाहावे असे मला वाटते.

श्रावणात आपल्या घरोघरी बायका शीतळासप्तमीची कहाणी सांगतात. तीत एक राजा नवे गाव वसवतो, गावाजवळ तळे बांधतो, आणि त्या तळ्याला काही केल्या पाणी लागत नाही. जलदेवता राजाच्या सुनेचे मूल बळी मागतात. राजा सुनेला माहेरी धाडतो, आणि तिच्या पाठीमागे तिचे लेकरू कोरड्या तळ्यात ठेवले जाते. तळे भरते. पुढे ती माउली परत येते, काठावर देवीची मनोभावे पूजा करते आणि तिचे मूल तिला परत मिळते, एवढे बरे. शेवट गोड असल्यामुळे आपण मधल्या गोष्टीकडे फारसे पाहत नाही. तळे राजाला हवे होते. बळी मात्र सुनेच्या लेकराचा गेला, आणि तोही तिला न विचारता. आणखी एक गोष्ट पाहा. 'राजाने तळे बांधले' असे कहाणी एका वाक्यात सांगून टाकते. राजाने काही हातात पहार घेतली नसेल. मग ज्यांनी घेतली ते लोक कोठे आहेत? कहाणीत त्यांना जागा नाही.

कहाणीतच नव्हे, शिलालेखांतही नाही. विहिरीवर, बारवेवर, देवळावर लेख असतो त्यात दात्याचे नाव येते, राजाचे येते, क्वचित सूत्रधाराचे येते; माती वाहणाऱ्याचे येत नाही. ह्याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची संत जनाबाई. तिच्यासाठी साक्षात विठ्ठल दळायला बसला ही कथा उभ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ते जाते कोणी घडवले, त्याला टाकी कोणी लावली, असा प्रश्न कोणाला पडला नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. जनाबाईची कथा मला प्राणापलीकडे प्रिय आहे. परंतु जातेवडाराच्या घरातल्या मुलीने हा प्रश्न विचारला, तर तिला गप्प करू नये.

आपल्याविषयी कोणी काही लिहिलेच नाही असेही नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि कामाच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या कित्येक जमातींची कहाणी सरकारी कागदावर लिहिली गेली. पाल ठोकून राहतो तो संशयित, हे त्या कहाणीचे तात्पर्य. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, ह्या जमाती त्या शिक्क्यातून मोकळ्या झाल्या, आणि आज महाराष्ट्रात वडार ज्ञाती विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा गेला, पण कागदावरची कहाणी लोकांच्या तोंडून जायला कायद्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हे आपल्यापैकी ज्यांनी परगावी भाड्याने खोली शोधली आहे त्यांना ठाऊक आहे.

खणणाऱ्यांची कहाणी कोठेच टिकली नाही का? टिकली आहे, आणि ती मला आज थोडी विस्ताराने सांगायची आहे. ती गुजरातेतली आहे. तिकडे माती खणणाऱ्या ज्ञातीला ओड म्हणतात. दक्षिणेतले ओड्ड, वोड्डर आणि आपण वडार ही नावे त्या ओडांच्या नावाशी नात्यातली समजली जातात. पाटणला बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंह राज्य करीत असे. त्याच्या सहस्रलिंग तलावाच्या कामावर ओडांची टोळी आली होती, असे दंतकथा सांगते. त्या टोळीत जसमा नावाची स्त्री होती. डोक्यावर टोपली घेऊन ती माती वाहत असे. राजाची दृष्टी तिच्यावर गेली. त्याने तिला राणी होण्याचे आमिष दाखवले, महालाचे, दागिन्यांचे दाखवले. जसमाने त्याला साफ नाकारले. आपला नवरा, आपले पाल आणि आपली टोपली ह्यांपुढे तिला महाल थिटा वाटला. राजाचा लोभ सुटत नाही हे पाहून ओड रातोरात निघाले. राजाने पाठलाग केला, तिच्या माणसांना मारले, आणि जसमाने प्राणत्याग केला. मरताना तिने शाप दिला की, ह्या तळ्यात पाणी राहणार नाही. पुढे शाप उतरावा म्हणून मायो नावाच्या एका तरुणाचा बळी देण्यात आला. तो त्या काळी अस्पृश्य मानलेल्या विणकर समाजातला होता; आणि मरण्यापूर्वी त्याने आपल्या समाजावरची अपमानकारक बंधने उठवण्याचे मागणे राजाकडे मागून घेतले, असे ती कथा सांगते.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती मांडत नाही. सहस्रलिंग तलाव आज कोरडा आहे हे मात्र खरे. त्याची कारणे स्थापत्यविद वेगळी देतील. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, ही गोष्ट जिवंत राहिली. गुजरातेतील भवाईच्या खेळ्यांनी 'जसमा ओडण'चा खेळ गावोगाव केला, आणि माती वाहणाऱ्या एका बाईचे नाव राजाच्या नावाच्या बरोबरीने लोकांच्या ओठांवर राहिले. शीतळासप्तमीच्या कहाणीत आणि ह्या कथेत तळे तेच, कोरडेपणा तोच, बळीही तसाच. परंतु येथे खणणारी बोलते, आणि बळी जाणाराही आपल्या लोकांसाठी काहीतरी मागून घेतो. तोंड मिटून कोणी मरत नाही. एकाच दुष्काळाच्या दोन गोष्टी कशा वेगळ्या होऊ शकतात हे ह्यावरून ध्यानी येईल.

आता दूर न जाता आपल्या पंचक्रोशीत येऊ. जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. तेथील यादवकालीन देवळे, तो उंच स्तंभ आणि बारव पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. आपल्या सेलू तालुक्यातील वालूरला एक बारव आहे, तिच्या पायऱ्या गोल फिरत फिरत, शंखाच्या आतल्या वळणासारख्या, पाण्याकडे उतरतात. अशी बारव महाराष्ट्रात विरळा. ती गाळाने आणि झुडपांनी बुजत चालली होती; अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनी श्रमदान करून ती मोकळी केली. २०२० पासून रोहन काळे आणि त्यांचे सहकारी 'महाराष्ट्र बारव मोहीम' चालवतात. राज्यातील दीड हजारांहून अधिक बारवांची त्यांनी नकाशावर नोंद केली आहे, आणि महाशिवरात्रीला ठिकठिकाणच्या बारवांत दिवे लावण्याची प्रथा त्यांनी पाडली आहे. काल ज्या खड्ड्यात गाव केर टाकीत होते तेथे आज गाव दिवा लावते. मधल्या काळात दगड बदलला नाही. त्या दगडाची गोष्ट कोणीतरी सांगितली, एवढाच फरक पडला. कहाणीच्या शक्तीचा ह्याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

बारवेविषयी एक गोष्ट कारागिराच्या दृष्टीने सांगतो. आपण समजतो की, पायऱ्या पाण्यापर्यंत उतरण्यासाठी. ते खरेच आहे. पण पायरी हे मोजमापही आहे. दिवाळीला पाणी कितव्या पायरीवर, संक्रांतीला कितव्या, आणि होळीला कोणती पायरी उघडी पडली, हे पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येक बाईला दिसत असे. दुष्काळ येतो आहे हे गावाला तहसीलदाराने कळवावे लागत नसे. आज कूपनलिका दोनशे-तीनशे फूट खाली काळ्या पाषाणात जाते. तिच्या पोटात किती पाणी उरले ते कोणालाच दिसत नाही, आणि ती कोरडी पडते तेव्हा एका सकाळी अचानक पडते. आपल्या ह्या दख्खनच्या खडकात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि दोन थरांमधल्या भेगांत. ते वर्षाचे वर्षाला भरते आणि वर्षाचे वर्षाला संपते. मुरूम कोठे संपला, पाझर कोणत्या अंगाने आला, पहारीचा आवाज कोठे बदलला, हे ज्ञान आपल्या वृद्धांच्या कानांत आणि तळहातांत आहे. ते कोणत्याही पुस्तकात नाही, आणि दरवर्षी त्यातले काही आपण स्मशानात पोचवून येतो.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, हिशेबाने बोलतो. १९७२ च्या दुष्काळात जो विशीत होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्या दुष्काळाची कहाणी महाराष्ट्र कशी सांगतो ते आठवा. मिलो सांगतात, सुकडी सांगतात, जनावरांचे हाल सांगतात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी ती कामे. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना ह्याच काळात राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्याला तिचाच आधार मिळाला. हे सारे पाठ्यपुस्तकात येते. आपले वृद्ध त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगतात. त्या वर्षी सारा मराठवाडा खडी फोडायला बसला होता. ज्यांनी जन्मात सुतकी धरली नव्हती ते वाडेवाले, शेतवाले, त्यांच्या लेकीसुना, सगळे एका रांगेत बसले. आणि दगड कोणत्या बाजूने फुटतो, तळहाताला चिंधी कशी बांधावी, डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून मान कशी ठेवावी, हे त्यांना रांगेतल्या वडारणीने दाखवले. वर्षभर आपली विद्या साऱ्या मराठवाड्याची विद्या झाली होती. पाऊस पडला, लोक शेतावर परतले, आणि ही गोष्ट आपल्या पालांपुरती राहिली.

मातीकामातली एक पद्धत जुन्या मंडळींना आठवत असेल. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच राखून ठेवीत. मूळ जमीन कोठे होती आणि काम किती खोल गेले ह्याची ती साक्ष. मोजणीदार येई, त्या खांबावर पट्टी लावी, आणि त्यावर मजुरीचा हिशेब होई. मोजणीपूर्वी तो खांब ढासळला की झालेल्या कामाचीही मजुरी बुडे. आपल्या ज्ञातीतील सत्तरी-ऐंशीची माणसे आज त्या खांबांसारखी उभी आहेत. मोजणी अजून व्हायची आहे.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी गावाने एकत्र यावे, श्रमदान करावे, असे सर्व थोर माणसे सांगतात. २०१६ ते २०१९ ह्या चार वर्षांत पाणी फाउंडेशनने गावागावांत स्पर्धा लावली. तीन तालुक्यांपासून सुरुवात होऊन ती ७६ तालुक्यांपर्यंत गेली. भर उन्हाळ्यात हजारो लोक टिकाव-फावडे घेऊन माळावर आले, ते काही सरकारी हुकमाने नव्हे. दूरदर्शन संचावर त्यांनी दुसऱ्या गावाची गोष्ट पाहिली होती म्हणून. मला ह्या कामाविषयी आदर आहे. तरीही एक प्रश्न आपल्यासारख्याने विचारला पाहिजे, कारण तो दुसरे कोणी विचारणार नाही. ज्याला जमीन नाही त्याच्या श्रमदानाने कोणाची विहीर भरते? ज्याच्याकडे दान देण्यासाठी घामाखेरीज काही नाही आणि ज्याने पिढ्यानपिढ्या तो स्वस्तात दिला, त्याच्यापुढे पुन्हा दानाची थाळी फिरवणे न्यायाचे आहे काय?

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी येथे मला आठवते. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचे मनात आणले आणि साऱ्या प्रजेला हुकूम सोडला. लोकांनी घरातली मुले उपाशी ठेवली, वासरे तोडली, आणि सगळे दूध देवळात ओतले. गाभारा भरला नाही. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या पोराबाळांना दूध पाजले, वासरांना पाजले, आणि उरलेले खुलभर दूध भक्तीने वाहिले. गाभारा भरला. ही कहाणी सांगणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना अर्थशास्त्र शिकवायला कोणी गेले नव्हते. सार्वजनिक काम घराघरांतल्या दुबळ्याचा घास काढून घेऊन होत नाही, हे त्यांना कळले होते.

ही निव्वळ कहाणीतली गोष्ट नव्हे. १९७२ चा दुष्काळ पाहून अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले, देवस्थानची माळरान जमीन कराराने घेऊन तिच्यावर त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले, आणि १९७४ पासून 'पाणी पंचायत' उभी केली. तिचा नियम असा होता की, पाण्याचा वाटा जमिनीच्या मोजणीवर ठरणार नाही, माणसांच्या मोजणीवर ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतका, कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क राहील. भूमिहीनाचा पाण्यावर हक्क! हे वाक्य महाराष्ट्राच्या भूमीवर एका माणसाने उच्चारले आणि आचरून दाखवले, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, आणि त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके न लावण्याचा नियम करून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्यास आरंभ केला. ह्या गावांची नुसती गोष्ट सांगायची आणि नियम गाळायचे, ही आजकालची सवय मला मान्य नाही. नियमच तर गोष्टीचा गाभा आहे.

आपल्या तरुण मंडळींचा एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, आईबापांनी हाडे झिजवली ती आमच्या हातातली पहार सुटावी म्हणून. आम्ही शिकलो, कोणी अभियंता झाला, कोणी शिक्षक, कोणी फौजदार. पोकलेन यंत्र शंभर माणसांचे काम दिवसात करते. अशा वेळी तुम्ही पुन्हा पहारीचे पोवाडे का गाता? बाळांनो, पहार पुन्हा हाती घ्या असे मी म्हणत नाही. तिच्यापासून सुटका हा आपल्या ज्ञातीचा विजय आहे. परंतु पहार टाकताना तिच्या टोकाला लागलेले ज्ञानही टाकून देणे हा तोटा आहे. गेल्या दहा वर्षांत जलयुक्त शिवार आणि गाळमुक्त धरण अशा सरकारी योजनांतून यंत्रांनी नाले खोल केले, तळ्यांतला गाळ काढला. गाळ कोठवर काढावा आणि तळाचा कोणता थर फोडू नये, हे यंत्राला कळत नाही. ते यंत्रावर बसलेल्यालाही अनेकदा कळत नाही. आपल्यातला अभियंता आजोबांचे बोल वाचून त्या जागी उभा राहिला, तर त्याच्या पदवीला आपल्या ज्ञातीखेरीज दुसरे कोणी देऊ शकणार नाही असे बळ मिळेल.

आणि ज्यांची पहार अजून सुटलेली नाही त्यांचे काय? खडीच्या खाणीवर, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर आपली माणसे आजही आहेत. तापत्या हवेचा पहिला फटका सावलीत बसणाऱ्याला बसत नाही. चैत्र-वैशाखातल्या दुपारी दगडाला हात लावून पाहा म्हणजे कळेल. आपल्यातील कित्येक जण आज स्वतः ठेकेदार आहेत. त्यांतील काही ह्या मांडवाचे देणगीदारही आहेत, आणि त्यांची क्षमा मागून मी बोलतो. कामाच्या जागी सावलीचे छप्पर, गार पाण्याचा रांजण, आणि उन्हाळ्यात दुपारचे चार तास काम बंद ठेवून ते पहाटे धरणे, एवढे त्यांनी आपापल्या खाणीवर केले, तर ज्ञातीच्या हवामानकार्याचा आरंभ झाला असे मी समजेन. सरकारकडे मागणी करण्यापूर्वी आपल्या घरात एवढे व्हावे.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो आणि आपला निरोप घेतो. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत सोळा पाने राखून ठेवावीत. प्रत्येक कुटुंबातील सर्वांत वृद्ध स्त्रीला आणि पुरुषाला घरातल्या मुलाने किंवा मुलीने चार प्रश्न विचारावेत. कोणत्या गावची कोणती तळी, विहिरी, बांध तुमच्या हातचे आहेत? तेथे पाणी कोणत्या थराला लागले? मजुरी किती मिळाली, आणि बुडाली असल्यास कशी बुडाली? आणि आज त्या पाण्यावर कोण शेती करतो? उत्तरे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून घ्यावीत. वृद्ध माणसे आपल्या वडारी बोलीत बोलतील. तिच्यातच ती राहू द्यावीत, मराठी मागाहून करता येईल. स्त्रियांना वेगळे विचारावे, कारण पुरुषांसमोर त्या 'हे सांगतात तेच' एवढे म्हणून थांबतात. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरांची गाववार यादी करून ती आपल्या शिष्टमंडळाने त्या त्या ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि त्या तळ्यातला गाळ, त्यातली मासेमारी, त्याच्या काठची पडीक जमीन ह्यांत भूमिहीनांचा वाटा मागावा. यादी तयार करण्याचे काम सेलू आणि जिंतूर तालुक्यांपासून सुरू करता येईल. इच्छुक तरुण-तरुणींनी आपली नावे मांडवाच्या दाराशी बसलेल्या सहचिटणिसांकडे आजच नोंदवावीत.